डाव्या हाताचा चुडा

"मनगट पुढं कर," डाक्टर म्हणाला.

म्या केलं. त्येच्या हातात लाकडी रूळ हुता. त्येनं माझ्या डाव्या हातातल्या बांगड्यांवर आधी हळू मारला, मग जोरानं. हिरवा चुडा फुटला. काचा टेबलावर, काचा फरशीवर. एक मनगटात घुसली, रगत आलं. त्येनं रूळ फडक्यानं पुसला. रगत लागलं म्हून न्हवं, मला लागला म्हून. मग म्हणाला, "काच आड येते. उद्यापासून या हातात काही घालून यायचं नाही."

माझा नवरा तवा लढाईवर हुता. जित्ता हुता.

आमच्यात सवाष्णीची बांगडी फुटली असं तोंडानं बी म्हणत न्हाईत. वाढवली म्हणतात. फुटली म्हणायची ती एकदाच, कुंकू पुसल्यावर. मी खाली बसून काचा गोळा केल्या आन् पदरात बांधल्या. डाक्टर म्हणाला, लवकर झाडून घे, पेशंट यायचेत.

मी म्हसवडकडची. महारवाड्यातली. मालक पलटणीत भरती झाले, आन् जायच्या आधी मला सिद्धनाथाच्या जत्रंत घिऊन गेले. तिथला कासार आमच्या बायकांच्या हाताला हात लावायचा न्हाई. बांगड्या फडक्यावर टाकायचा, जिच्या तिनं भरून घ्यायच्या. मग मालकांनीच माझा हात धरला आन् समद्या जत्रंदेखत एकेक बांगडी चढवली. बायका फिदीफिदी हसाय लागल्या. मला तर मेल्याहून मेल्यागत झालं. म्या म्हणलं, आवं, हात मोडता का, केवढ्या घट्ट! ते म्हणाले, "घट्टच बऱ्या. मी येस्तवर निघायच्या न्हाईत."

एवढंच. त्यांचं लाडाचं बोलणं काय ते एवढंच.

ते गेल्यावर मी सांगलीला मावशीकडं आले. मावशी एका डाक्टरच्या दवाखान्यात झाडलोट करायची. तिचं गुडघं धरलं, तिच्या जागी मी लागले. त्या दवाखान्यात फोटोचं मशीन हुतं. माणसाच्या आतला फोटो, हाडांचा. लांब लांबनं लोक यायचे. पेशंट हलला की फोटो बिघडतो, म्हून त्येला धरून ठिवायला माणूस लागतं. वरच्या जातीच्या पेशंटला त्यांच्या घरचं माणूस धरायचं, बाकीच्यांना मी. मग फोटो अंधारखोलीत औषधाच्या पाण्यात धुवायचा, दोरीवर वाळत घालायचा, ते बी माझंच काम. शिकले मी पटकन. डाक्टर शिकवायचा न्हाई, नुसता वरडायचा. वरडण्यातनंच शिकले.

मशीन जुनं हुतं. त्येच्यातला काचेचा गोळा विलायतेहून यायचा, आन् लढाईमुळं नवा मिळंना. जुना कवा जोरात चालायचा, कवा मरगळायचा. म्हून रोज सकाळी पैल्यांदा त्येच्यापुढं एक हात धरायचा आन् पडद्यावर हाडं नीट दिसतात का ते बघायचं. तो हात माझा.

डाक्टरच्या अंगात शिशाचा जाड एप्रन असायचा, हातात शिशाचे मोजे. माझ्या अंगावर लुगडं. एकदा म्या इचारलं, साहेब, ह्यानं काय हुतं का? म्हणाला, "नुसता उजेड आहे तो. उजेडानं काय होतंय?"

खिडक्यांना काळं कापड. दार बंद. घुंऽऽ असा आवाज व्हायचा आन् हिरवट पडदा उजळायचा. त्यात माझा हात. कातडी न्हाई, मांस न्हाई, नुसती कांडकी. डाक्टर लांब हुबा ऱ्हाऊन त्याच रुळानं माझा हात सरकवायचा. इकडं घे, बोटं फाक, हलू नको. आमची सावली पडली तर माणसं आंघोळ करायची, असं माझी आजी सांगायची. ह्यो बाबा मातूर रोज सकाळी माझीच सावली डोळं फाडून बघायचा. हाडांच्या सावलीचा इटाळ हुत नसंल.

पण खरं सांगते, मला त्या हाताचं भ्या बसलं. मेल्यावर जे मातीखाली दिसायचं ते मी जितेपणी रोज बघत हुते. घरी भाकरी थापाय बसले की पिठातल्या हाताची कांडकी दिसायची. भाकरी तव्यावर करपायची, मावशी शिव्या घालायची. रातीला डोळं मिटून मालकांचं तोंड आठवाय जावं तर तोंड येईना. कवटी यायची. त्या हिरवट उजेडातली. दात दिसायचे, डोळं न्हाईत. मी उठून बसायची आन् उजव्या हातातल्या बांगड्या चाचपायची. ह्या हायत तवर ते हायत, असं मनाला समजवायची. डावा हात पदराखाली झाकून ठिवायची.

मग त्या हाताची नखं काळी पडाय लागली. कातडी सुकली, चिरा पडल्या. मिठाचं पाणी लागलं तर आई आठवायची. एक जखम भरंना म्हून भरंना.

एक दिवस एका इनामदाराची सून आली. परसात पाय घसरून पडलेली, मनगट सुजलेलं. दोन्ही हातात हिरवा चुडा, पुढं सोन्याच्या पाटल्या. संगं सासू. मी कोपऱ्यात हुबी हुते. मला वाटलं, आता रूळ निघणार. डाक्टरनं पाटल्या तेवढ्या सासूकडून काढून घ्यायला सांगितल्या. आन् म्हणाला, "बांगड्या राहू देत, वहिनी. काचेनं काही अडत नाही."

तिचा हात त्येनं सोताच्या बोटांनी अल्लाद फळीवर ठिवला.

त्यो फोटो म्याच धुतला. औषधाच्या पाण्यातनं हळूहळू वर आला. तिची हाडं आली, त्याच्याभवती बांगड्यांची गोल गोल कडी आली, आन् त्या कड्यांच्या मधनं हाडाची बारीक चीर साफ दिसली. काय बी आड आलं न्हवतं. मी त्यो फोटो धरून किती येळ हुबी ऱ्हायले देवाला ठावं.

पेशंट गेल्यावर म्या इचारलंच. साहेब, त्यांच्या बांगड्या ऱ्हायल्या, मग माझ्या का वो?

डाक्टर टाक पुसत हुता. वर बघितलं बी न्हाई.

"सवाष्णीच्या बांगड्या कधी फोडाव्यात का?" म्हणाला.

म्हंजे मी कोण हुते? माझा बी नवरा जित्ता हुता. मला बी कुंकू हुतं. पण त्येला ते दिसलंच न्हवतं. माझी हाडं रोज दिसायची, कपाळावरचं कुंकू कवा दिसलं न्हाई.

तरी मी दुसऱ्या दिशी गेले. मावशी अंथरुणाला खिळलेली, चूल पेटायची कशी? गेले. हात धरला. पर मनात कायतरी अडाकलं ते अडाकलंच.

पुढं महिनाभरात गावाकडनं दीर आला. दारात हुबा ऱ्हायला, आत यीना. म्या त्येच्या तोंडाकडं बघितलं आन् समजले. मालक ब्रह्मदेशात गेले. माती बी तिकडंच झाली.

गावी नेलं मला. बायका जमल्या. त्यातल्या एका म्हातारीनं माझा उजवा हात दगडावर ठिवला आन् बांगड्या फोडल्या. मग डावा हात वढला. त्यात काय बी न्हवतं. सुकलेलं काळं मनगट. सासू माझ्याकडं बघत ऱ्हायली. रडायचं इसरली.

"तू आधीच फोडल्यास," म्हणाली. "माझा ल्योक जित्ता असताना फोडल्यास."

काय सांगू तिला? सांगितलं तर ऐकणार कोण? ते वाक्य अजून माझ्या कानात हाय. ती गेली, तिला मूठमाती देऊन झाली, तरी ती मला रातीची इचारतीच. मी रागावत न्हाई तिच्यावर. तिनं मला इचारलं. ज्याला इचारायचं त्येच्यापतोर तिचा हात पोचत न्हवता.

माझा पोचत हुता.

सुतक फिटल्यावर मी सांगलीला आले आन् दवाखान्यात गेले. मोकळं कपाळ, मोकळं हात. डाक्टरनं बघितलं. वाईट झालं म्हणाला. दुसऱ्याच दमाला म्हणाला, "आता बांगड्यांची कटकट नाही. चल, हात धर."

मशीन घुंऽऽ करत हुतं. पडदा उजळला हुता. त्यात हात न्हवता.

म्या म्हणलं, "तुमचा धरा."

त्येला वाटलं त्येच्या ऐकण्यात चूक झाली. म्या पुन्हा म्हणलं. "नुसता उजेड हाय न्हवं? मोजा काढा आन् तुमचा हात धरा. मी बघते हाडं दिसतात का."

त्येनं मोज्यातला हात छातीशी धरला. मी त्या हाताकडं बघत हुते. मोजा निघतोय का बघत हुते. न्हाई निघाला. त्येनं मशीन बंद केलं आन् खिडकीचं कापड वढलं. उजेडात त्येचं तोंड बघितलं आन् मला कळलं. त्येला ठाऊक हुतं. पैल्या दिसापासनं ठाऊक हुतं.

म्हणाला, "चालती हो. तुझ्यासारख्या छप्पन येतील."

"येऊ द्या," म्या म्हणलं. "मी फाटकाबाहीर बसते. येणारीला ह्यो हात दावते."

आन् बसले. पैली आली ती मिरजंकडची पोर, नवी नवरी. तिला हात दावला, समदं सांगितलं. ती आल्या पावली माघारी गेली. दुसरी आली, तिला बी दावला. गडी आला धमकवायला. रस्ता तुझ्या डाक्टरच्या बाचा हाय का, म्हणलं.

पुढं ह्या हाताची दोन बोटं कापावी लागली. ऱ्हायलेल्या हातात म्या हिरवा चुडा भरला. कासारणीनं इचारलं, कुणाच्या नावानं गं? भावकीत गवगवा झाला, रांडमुंड बाई नटती म्हून. सासरचं दार बंद झालं. होऊ द्या. ह्या बांगड्या नवऱ्याच्या नावाच्या न्हाईत, देवाच्या न्हाईत. मी जिती हाय तवर ह्या कुणी फोडायच्या न्हाईत. डाक्टरनं न्हाई, भावकीनं न्हाई. ज्याला फोडायच्यात त्येनं आधी मोजा काढून पुढं यावं.