करवतकानी आणि आमच्या बाई

उन्हाळ्यात मंगळवार पेठेतल्या बाईंच्या गच्चीवर एका अंगाला सांडगे वाळत असत आणि दुसऱ्या अंगाला गव्यांचे जबडे. सांडग्यांवर कावळ्यांसाठी जुनं पातळ पसरलेलं असे, जबडे मात्र उघडेच. शेजारच्या चाची आपल्या गच्चीवरून ओरडून विचारत, "काय वो बाई, झालं का दात घासून?" जुना ब्रश घेऊन एखाद्या दाढेतली माती काढत बसलेल्या बाई तितक्याच मोठ्यानं सांगत, "तुमच्यापरास बरं हायत की, चाची!" चाचींच्या तोंडात तेव्हा चारदोनच दात उरले होते. दोघीही मनापासून हसत आणि सांडग्यांकडे वळत.

बाई आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. शाहूवाडीकडच्या शेतकरी घरातल्या. वडील बैलबाजारात बैलाचं तोंड उघडून दोनदाती, चारदाती, जुळलेला असं वय सांगायचे, आणि लेकीनं तोच उद्योग गव्यांच्या बाबतीत आयुष्यभर केला. गगनबावड्याकडच्या डोंगरात गव्यांचा एक कळप होता. त्यातली जनावरं किती वर्षं जगतात, माद्यांना कुठल्या वयापर्यंत वासरं होतात, कळप वाढतोय की आटतोय, हे त्यांना शोधायचं होतं. मेलेलं जनावर सापडलं की रीतसर परवानगी काढून त्या जबडा घेऊन यायच्या आणि दातांच्या झिजेवरून वय ठरवायच्या. "जित्तेपणी वय सांगत न्हाईत आन् मेल्यावर खोटं बोलत न्हाईत," असं त्या गव्यांबद्दल म्हणत. प्राध्यापकांच्या खोलीत बसूनही हे वाक्य म्हणत, तेव्हा एकदोघं उगाचच खाकरायचे.

डोंगरावर त्या पुरुषी टोपी घालून, पातळ खोचून चालायच्या. आम्ही चार विद्यार्थी मागे धापा टाकत. त्यांचा एक नियम फार कडक होता. मागच्या हिवाळ्यात पाहिलेलं जनावर यंदा नसलं, तर "दिसलं नाही" एवढंच म्हणायचं. आमच्यातला एकजण एकदा सहज म्हणाला, "ती तुटक्या शिंगाची मेली वाटतं." बाई जागच्या जागी थांबल्या. "तू बगितलास मढं? न्हाय न्हवं? मग दिसली न्हाय म्हण. दिसलं न्हाय आन् मेलं, यात लई अंतर हाय बाबा." तो पोरगा पुढे बँकेत लागला. अजूनही भेटला की म्हणतो, बाईंनी मला माणसांबद्दलसुद्धा घाईनं बोलायचं सोडायला लावलं.

जनावरांना लाडाची नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. "ती काय आपली मांजरं हायत?" अपवाद फक्त एकीचा, करवतकानीचा. कोळसुंद्यांनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, तिचा उजवा कान लहानपणीच फाडलेला होता आणि त्याची कड करवतीसारखी झाली होती. मी कॉलेजात येण्याच्या बरंच आधी बाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच ती पुऱ्या वाढीची होती. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात ती दिसत राहिली. खाली वाडीत आम्ही जिच्या घरी जेवायचो ती आक्का आम्ही पाटावर बसायच्या आधीच विचारायची, "हाय का वो तुमची म्हातारी?" बाई म्हणायच्या, "हाय की! न्हवं, वासरू बी हाय संगं." त्या दिवशी बाईंना एक भाकरी जास्त जायची.

या म्हातारीवर बाईंचं बरंचसं म्हणणं उभं होतं. इथल्या माद्या फार वर्षं जगतात, उतारवयातही वासरं देतात, म्हणून वासरं थोडी दिसली तरी कळप टिकेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो छापून आला, वाखाणला गेला. डोंगरमाथ्यावरचं गवत गव्यांसाठी राखून ठेवावं का, अशी चर्चा मध्यंतरी निघाली होती. तिथं बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कळप सावरेल. घाई करू नका." बाईच असं म्हणतात म्हटल्यावर विषय मागे पडला आणि वाडीतले लोक नव्या फुटीसाठी ते गवत दर उन्हाळ्यात पेटवत राहिले.

बाईंच्या निवृत्तीचा सत्कार ठरला त्याच सुमारास आक्काच्या वाडीतून फोन आला की घळीत गवा पडून मेलाय. आम्ही रंकाळा स्टँडवरून पहिली एसटी पकडली. तोवर मी जयसिंगपूरला शिकवायला लागले होते, पण बाईंचा निरोप आला की रजा टाकून यायचं ही सवय सुटली नव्हती. घळीत मादी पडली होती. उजव्या कानाची कड करवतीसारखी. बाई तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसल्या. आक्का पदराला डोळे पुसत म्हणाली, "लई जगली बगा म्हातारी."

यथावकाश जबडा गच्चीवर आला. बाईंनी तो धुतला, पुसला, उन्हात धरला आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. दाढांचे उंचवटे अजून शाबूत होते. एवढ्या म्हाताऱ्या जनावराच्या दाढा घासून सपाट व्हायला हव्यात.

"ही ती न्हाय गं," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, हिला कोवळं गवत मिळालं असेल. झीज कमी झाली असेल."

"गवात सगळ्यांनी एकच खाल्लंय."

उजवा कान फाटलेल्या माद्या दोन होत्या. पहिली कधीतरी दिसेनाशी झाली, तिच्या जागी आम्ही दुसरीला पाहत राहिलो, आणि दोघींचं आयुष्य जोडून बाईंनी एकच लांबलचक आयुष्य मांडलं. ते तुटल्यावर हिशेब साफ बदलत होता. माद्या इतक्या जगत नव्हत्या, म्हणजे दिसणारी वासरं पुरेशी नव्हती. ज्या कळपाला बाई सावरेल म्हणाल्या होत्या, तो आटत होता. मी म्हटलं, "निदान सत्कार होऊन जाऊ दे बाई, मग सांगा." त्या ब्रश धुवायला उठल्या.

सत्काराला सभागृह भरलं होतं. प्राचार्यांनी भाषणात करवतकानीचा खास उल्लेख केला. टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर बाईंनी कापडी पिशवीतून जबडा काढला आणि टेबलावर नारळाशेजारी ठेवला. प्राचार्य हळूच म्हणाले, "बाई, हे आता कशाला?" बाई माइककडे वळल्या. "सरांनी जिचं कौतुक केलं, ती म्हातारी कधीच गेली. ही दुसरी. ओळखण्यात चूक माझी झाली. त्या चुकीवर भरवसा ठेवून गवत राखायचं राहिलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं जुनं म्हणणं कुणी धरू नका. कळपाला वासरं कमी पडतायत." आणि त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणालाच कळेना. मागच्या रांगेत चाची होत्या, त्यांनीच पहिल्यांदा वाजवल्या.

नंतर वाडीकडे जाताना एसटीत मी विचारलं, तुमच्यासारखीची चूक झाली कशी? बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आई गेली त्या हिवाळ्यात मी डोंगरावर गेलते न्हाय. पुढच्या खेपंला गेले, तवा वाटत हुतं, ती तरी आसूदे. गवतातनं फाटका कान दिसला. शिंगं बगायची हुती, चाल बगायची हुती. मी कान बगितला आन् रडायला लागले. वढ आसली की दिसतं गं." इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःबद्दल सांगितलेलं एवढंच.

त्या दिवशी आक्काच्या अंगणात गाव जमलं. बाईंनी चूक तिथंही सांगितली आणि वरच्या माथ्यावरचं गवत पेटवू नका म्हणून हात जोडले. एकजण तडकला, "तुमीच म्हनत हुता न्हवं, काय हुत न्हाय म्हणून?" बाई म्हणाल्या, "व्हय, मीच म्हणत हुते. म्हणून मीच आले." वाद पुष्कळ झाला, पण माथ्याचा एक तुकडा राखायचं ठरलं.

पुढची वर्षं बाई दर हिवाळ्यात यायच्या. गुडघे गेले, मग डोळे गेले. शेवटी त्या आक्काच्या दारातल्या दगडावर टोपी घालून बसून राहायच्या आणि मी वर जाऊन यायचे. मी दिसण्याआधी माझ्या पावलांचा आवाज ओळखून विचारायच्या, "वासरं?" बाकी सगळं नंतर. कितीतरी खेपांना मला "दिसली नाहीत" म्हणावं लागलं. खोटं सांगून त्यांना बरं वाटू द्यावं असं फार वाटायचं, पण त्या माणसापुढं ते जमणं शक्य नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. गच्चीवरचे जबडे कॉलेजात नेले, तेव्हा चाची जिन्यात बसून होत्या.

यंदाच्या हिवाळ्यात मी एकटीच गेले. वाडीत पोचले तेव्हा आक्काच्या दारी कुणी नव्हतं, म्हणून तशीच वर चढले. परत उतरताना वळणावरून आक्काचं दार दिसलं आणि माझे पाय थबकले. दगडावर बाई बसल्या होत्या. तीच टोपी, तसाच पुढे टेकलेला हात. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग, त्यांनी शिकवलं तसं, नीट पाहिलं. ती आक्का होती. बाई विसरून गेलेली टोपी उन्हासाठी डोक्यावर घालून शेंगा फोडत होती.

मी समोर जाऊन उभी राहिले. आक्कानं माझ्या मागं वाटेकडे पाहिलं. "बाई न्हाईत आल्या?" फोनवर कळवायचा मला धीर झाला नव्हता.

"बाई गेल्या, आक्का. उन्हाळ्यात."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. मग तिनं नाक पुसलं, वर डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, "आन् वासरं?"

"दिसली," मी म्हटलं. "राखलेल्या गवतात. तांबूस, लहान, आयांच्या पोटाखाली. मी नीट पाहिलीत."