खंडेनवमीचं रिकामं पिस्तूल

हत्यार रिकामं आहे, हे तुम्ही कुणाच्या शब्दावर मानता?

यंदा खंडेनवमीला झेंडूत मिसळलेला बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि मी मनानं लहानपणीच्या, निमगाव केतकीच्या आमच्या ओसरीवर पोचलो. पूजेच्या पाटावर कोयत्याशेजारी निवृत्त फौजदार आत्याचं रिव्हॉल्व्हर होतं आणि ठेकेदार काकांचं नवंकोरं पिस्तूल.

"आक्का, तुझं हे खेळणं आता मोडीत घाल," काका हसले. त्यांनी पिस्तुलाचं मॅगझीन काढलं. "बघ, रिकामं हाय."

आत्यानं रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून उजेडाकडं धरलं. सहाही भोकांतून अंगण दिसलं. "माझं दिसतंय, बाळू. तुझं कुठं दिसतंय?"

माझी धाकटी बहीण कुंकू लावायला पिस्तुलाच्या नळीवर वाकली होती. आत्यानं तिला मागं ओढलं, पिस्तूल भिंतीकडं वळवून वरचा भाग खेचला. मॅगझीन काढूनही नळीत राहिलेली गोळी टणकन पाटावर पडली. काकांनी हातातलं मॅगझीन खाली ठेवलं.

तेव्हा आत्या जिंकली म्हणून मी टाळ्या पिटल्या. आता लग्नाच्या हळदीत कमरेला पिस्तूल खोचून नाचणाऱ्यांचे व्हिडिओ पाहतो आणि बहिणीचं ते वाकलेलं कपाळ मला स्वस्थ बसू देत नाही.

पुढच्या हळदीत कुणी पिस्तूल बाहेर काढलं, तर भीड धरू नका. नाच थांबवा, पोरांना घेऊन मांडवाबाहेर पडा.