बंगला बघायला आलेली माणसं

त्या हिवाळ्यात आमचा एकही रविवार आमचा नव्हता... ऐंशीचं दशक सरत आलेलं, मी नववीत, आणि नागपूरला सदरमधल्या दोन भाड्याच्या खोल्यांत आमचा संसार. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. उन्हाळ्यापर्यंत खोल्या रिकाम्या करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

नंदनवनला बाबांनी प्लॉट घेऊन ठेवला होता, पण त्यावर घर बांधायचं तर शेतातला बंगला विकणं भाग होतं. सावनेरच्या पुढे, दोन टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यात, संत्र्याच्या झाडांमध्ये कुण्या इंग्रज साहेबानं तो बांधला होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आजोबांनी विकत घेतला.

उंच छत, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, चारही बाजूंनी व्हरांडा... आणि हॉलमध्ये चक्क शेकोटीची जागा. नागपूरच्या उन्हात साहेबाला ती कशाला हवी होती, देव जाणे. आमच्या काळात तिच्यात कोंबडी अंडी घालायची.

पेपरात जाहिरात दिली, दर रविवारी लोक बघायला येऊ लागले, आणि आईचा छळ सुरू झाला. बाबांचं म्हणणं, इतक्या लांब आलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं...

मग गोवऱ्या पेटायच्या. निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण, वाटीभर तूप. आणि बघायला एकटं कोण येतं... साळे, साळ्यांच्या बायका, सगळ्यांची मुलं. खोल्या चटकन बघून व्हायच्या, जेवण मात्र ऊन उतरेपर्यंत चालायचं. निघताना पिशवीभर संत्री वेगळी.

"बंगला मस्त आहे भाऊजी. विचार करून सांगतो." सांगायला कुणीच आलं नाही. एक कुटुंब तर दुसऱ्यांदा आलं, नव्या जावयाला घेऊन. जावयाला बंगला घ्यायचा नव्हताच, त्याला रोडगे खायचे होते.

त्या दिवशी परतीच्या एसटीत आईनं संप जाहीर केला. "पुढच्या रविवारी मी चूल पेटवणार नाही. चहाबी भेटणार नाही. ज्याले बंगला पाह्यचा तो पाहीन अन् जाईन."

"अवं, लोक काय म्हणतीन?" बाबा हळूच म्हणाले.

"विचार करून सांगतो म्हणतीन. तेच तं म्हणून राहिले."

पुढच्या रविवारी एकच जोडपं आलं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारे एक काका आणि त्यांच्या पत्नी. दोघांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं, बाबांनी "नमस्कार, या या" म्हटलं आणि काकांना घेऊन शिडीनं थेट कवेलूंवर चढले. कुठून कुठून गळतं ते दाखवायला... विकणारा माणूस असं करतो का, पण बाबांना कोण सांगणार.

काकूंनी सगळ्या खिडक्या उघडून, लावून बघितल्या. आई ठरल्याप्रमाणे व्हरांड्यात बसून राहिली. चहाचंही विचारलं नाही.

दुपारी काकू लांब एका झाडाखाली जाऊन बसल्या. पिशवीतून घरचा डबा काढला, पाण्याची बाटलीही घरचीच. आईला हायसंच वाटलं, चला, डबा घेऊन येणारं गिऱ्हाईक भेटलं एकदाचं. तिनं हाक मारली, "अवं बाई, इकडे बसा ना व्हरांड्यात. तिथं मुंग्या आहेत."

"राहू द्या," काकू तिथूनच म्हणाल्या. "आमच्या शेजारचे आले होते ना मागं, त्यायनंच पत्ता देल्ला. रोडगे लय चांगले होते म्हणे तुमच्या इथचे." आवाज अगदी शांत. आणि त्या डब्याचं झाकण काढू लागल्या.

मला काही कळलं नाही. आईला कळलं. शेजाऱ्यांना पंगत, आणि छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या या बाईला साधा चहा नाही... त्यांनी जो अर्थ लावायचा तो लावला होता. कदाचित घरून निघतानाच, डबा भरताना.

आई घाईघाईनं सांगत सुटली... संप, साळ्यांच्या बायका, जावई. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि "असं का" एवढंच म्हणाल्या. अशी कारणं त्यांनी आधीही ऐकली असणार.

मग आई उठली. जाऊन त्यांच्यासमोर मातीत बसली आणि हात पुढे केला. "मले द्या थोडं. सकाळपासून मीबी उपाशीच आहे."

काकूंनी भाकर मोडली. मग अर्धी भाकर आणि तिच्यावर भाजी ठेवून आईच्या हातावर दिली. आईनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "बाई, मीठ जास्त झालं वं."

मी कपाळाला हात लावला. गेला बंगला, गेलं नंदनवन... आई-बाबांपैकी एकालाही घर विकता येणार नाही, याची मला खात्रीच पटली.

काकूंनी डबा खाली ठेवला. आणि मग एकदम हसत सुटल्या. "सकाळी मी तेच सांगून राहिली होती. भाजी यायनं केली," त्यांनी वर बोट दाखवलं.

कवेलूंवरून काकांचा आवाज आला, "एवढंबी जास्त नाही."

बंगला त्यांनीच घेतला. उन्हाळ्यात आम्ही नंदनवनला अर्धवट बांधलेल्या घरात राहायला गेलो, दारांच्या जागी चादरी लावून.

तेव्हाच्या आईपेक्षा आज माझं वय जास्त आहे. ते रविवार आठवले की अजून चिडचिड होते, हसूही येतं... पण एका ठिकाणी येऊन मी थांबते. आईनं भाकर हातात घेतली तेव्हापासून घास गिळेपर्यंत काकू तिच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. जेवणाऱ्या माणसाकडे असं बघायची वेळ माझ्यावर आजवर कधी आली नाही... आणि त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.