अंगठ्याची फट

बर्माच्या सीमेपलीकडे, थायलंडमधल्या मेसोत गावात सेनकाका कृत्रिम पाय बनवायचे. तरुणपणी बंदूक घेऊन बर्माच्या जंगलात शिरले, ते सुरुंगावर स्वतःचा पाय घालवूनच बाहेर आले. लष्करी राजवटीतून परागंदा झालेली पोरं त्यांच्याच कारखान्यात येऊन तावातावानं भांडायची.

"हात जोडून लष्कर हटतं होय?" लढाईत पाय गमावलेला झॉ गरजला.

"आणि बंदुकीनं सत्तेवर आलेले बंदूक खाली ठेवतात?" तुरुंग भोगून आलेली ठेट कडाडली. "काका, तुम्हीच सांगा!"

काका झॉच्या रबरी पावलाला अंगठ्याशेजारी फट पाडत होते.

"अहो, चपलेचा पाय कशाला? मला बूट घालायचेत!"

"बूट यातही जातो, गाढवा. पण लढाई संपल्यावर गावात चपलाच घालून हिंडशील ना?"

भांडण काही मिटलं नव्हतं. पण ठेट बाजाराला निघता निघता थांबली.

"चपलेचा नंबर किती रे तुझा?"