उतऱ्यांची सुमन

वस्तीकडून येणारी जीप सकाळी दहाच्या सुमारास आमच्या दुकानासमोर थांबते. ड्रायव्हर खाली न उतरताच शाळेच्या कपड्यांचं गाठोडं आत टाकतो आणि निघून जातो. त्या सोमवारी तो उतरला. चप्पल काढून पायरीशी उभा राहिला, तेव्हाच मी मशीनवरचा पाय काढून घेतला. "सुमनमावशी गेल्या," तो म्हणाला. "काल दुपारी, बसल्या बसल्या. मातीला तुमच्यासाठी थांबून राहिलेत." मी विचारलं, काही बोलली का? "न्हाई. तोंड उघडं होतं म्हनं. पन आवाज न्हाई." मग तो जरा घुटमळला. "मावशी, तिथं कुत्रंसुद्धा भुंकून न्हाई राहिलं सकाळपासून. चला लवकर."

किनवटच्या बाजारातलं आमचं शिवणकामाचं दुकान अब्बांच्याही आधीचं. सुमन त्यात माझ्या शेजारच्या मशीनवर चाळीस वर्षं बसली. अब्बा गेले, अम्मी गेली, माझं लग्न झालं आणि मोडलं, या सगळ्यात ती तिथेच होती. तिला जाऊन आता सहा आठवडे होतील. लिहायला बसले खरी, पण तिच्याबद्दल लिहायचं तर आधी तिच्या लोकांबद्दल लिहावं लागतं, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

गावातले लोक त्यांना उतरे म्हणायचे. का म्हणायचे ते कुणी विचारत नसे. जंगलात फार आत त्यांच्या झोपड्या होत्या आणि जंगलातले बाकीचे लोकही त्यांच्या वाटेला जात नसत. ते शिकारीवर जगायचे, पण त्यांच्या हातात ना धनुष्य असायचं ना जाळं. एक माणूस झाडाखाली बसायचा आणि श्वास आत ओढायला लागायचा. मग त्याच्या आजूबाजूचा आवाज कमी होत जायचा… आधी किडे, मग पाखरं, मग पायाखालचा पाचोळा. त्या शांततेकडे जनावर आपल्या पायांनी चालत यायचं. अब्बांनी तरुणपणी, तेंदूपत्त्याच्या गाडीबरोबर जंगलात गेले असताना, हे एकदा स्वतः पाहिलं होतं. ते सांगायचे, "हरणाच्या डोळ्यांत भीती नव्हती. झोपेत चालावं तसं आलं. अन् बेटी, मी पण चार पावलं गेलो होतो त्याच्यामागे. का गेलो, मला आजवर कळलं नाही."

मग वरून हुकूम आला. शिकार बंद झाली, जंगलाला कुंपण पडलं, रस्त्याच्या कडेला उतऱ्यांसाठी पत्र्याच्या घरांची ही वस्ती उभी राहिली आणि त्यांची मुलं वसतिगृहात आणली गेली. त्यांच्या गणवेशाचं काम अब्बांना मिळालं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. वीसेक मुलं दुकानासमोर रांगेत उभी होती. एवढी मुलं, पण कुजबुज नाही, पाय हलवणं नाही. सगळी एकाच वेळी पापणी मिटायची आणि एकाच वेळी उघडायची. अब्बांनी पहिल्या मुलीच्या खांद्याला टेप लावली, कोपरापर्यंत आणली आणि तिथून मनगटाकडे नेताना मध्येच थांबले. त्यांनी तिचा हात हळूच वाकवला. तो कोपरात वाकला आणि कोपराखाली चार बोटांवर आणखी एकदा वाकला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीत लिहायला बसले होते. "तीन आकडे लिही," एवढंच म्हणाले. ती मुलगी सुमन. हे नाव तिला आदल्याच आठवड्यात हजेरीपटावर मिळालं होतं.

अब्बांनी त्या सगळ्या बाह्या थोड्या सैल कापल्या आणि आतून जादा कापडाची अशी कळी घातली, की हात खाली सोडला तर दुसरं कोपर कुणाला दिसू नये. कपडे घालून मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली तेव्हा वसतिगृहाच्या गुरुजींना भरून आलं. "आता माणसात आली पोरं," ते म्हणाले. गुरुजी वाईट नव्हते. मूल आजारी पडलं तर त्याच्या उशाशी बसून राहायचे. पण उतऱ्यांची भाषा श्वास आत घेताना बोलायची असते, ती बाहेरून ऐकली तर नुसता हुंदका वाटतो. गुरुजींना ते सहन होत नसे. ते मुलांच्या तोंडासमोर आपला तळहात धरायचे. "बाहेर बोल. वारा माझ्या हाताला लागला पाहिजे." ज्याचा वारा लागला नाही त्याला पुन्हा बोलावं लागायचं. सुमन सगळ्यात आधी शिकली. तिचं खरं नाव तिने मला एकदा सांगितलं होतं. ते मी लिहू शकत नाही, कारण त्यात अक्षरंच नाहीत. आणि ती ते म्हणत असताना दुकानातला पंखा फिरत होता, पण ऐकू येत नव्हता.

दहावीनंतर ती आमच्याकडेच लागली. दुकानामागच्या खोलीत राहायची. तिच्यासारखं काज करणारं माणूस मी पाहिलं नाही. तो जास्तीचा सांधा सुईला असा वळण द्यायचा, की पाहणाऱ्याला वाटावं दोरा आपणहून जातो आहे. एका दुपारी तुरपाई करता करता मी सहज विचारलं, तुम्ही लोक मूळचे कुठले गं? ती म्हणाली, "आम्ही शिकारीला आल्तो."

"शिकारीला? कुठून?"

"वरून. शिकार झाली की न्यायला येनार होते. आले न्हाईत." तिने दोरा दाताने तोडला.

"किती दिवस झाले?"

"आजीच्या आजीला बी ठाऊक न्हवतं."

सुमन थट्टा करायची नाही. तिला ती येतच नव्हती. नंतर तुकड्यातुकड्यांनी तिनेच सांगितलं, की जंगलात एक उघडा खडकाळ माळ आहे आणि तिथे त्यांच्यातलं एक माणूस रोज बसून ऐकतं. न्यायला येणारे आले तर उत्तर द्यायला कुणीतरी हवं. हे काम तिच्या वडलांकडे होतं. माळाला कुंपण पडल्यावर त्यांना तीनदा बाहेर काढण्यात आलं. मग ते रस्त्याच्या पुलावर बसून ऐकायला लागले. शेजारून ट्रक जायचे, लग्नसराईत बँड जायचा. म्हातारा कानावर हात ठेवून बसलेला मी स्वतः पाहिला आहे. ते गेले आणि काम सुमनकडे आलं. तेव्हापासून दुपारी दुकान बंद असायचं तेवढा वेळ ती आमच्या माळवदावर, दुकानाच्या सपाट छपरावर, जाऊन बसायची. उन्हाळ्यातसुद्धा. अम्मी ओरडायची, "अगं पोरी, डोकं फुटेल उन्हानं." ती खाली येऊन पाणी प्यायची आणि मशीनवर बसायची. आज काही ऐकू आलं का, असं मी कधी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळायचं.

दोन वर्षांपूर्वी वस्तीवर बैठक झाली. तिचा भाचा दिलीप जळकोटला शाळेवर आहे, तो मुद्दाम आला होता. उतऱ्यांना कुठल्याच यादीत जागा नव्हती, त्यामुळे मुलांना दाखले मिळत नव्हते. शेजारच्या एका जमातीचं नाव लावलं तर मिळणार होते. अट अशी, की आपण वेगळे आहोत असं यापुढे कुणी कुठे बोलायचं नाही. माळवदावर जाऊन बसणंही बंद करायचं. सगळ्यांनी हात वर केले. त्या सगळ्या बाह्या माझ्या आणि सुमनच्या हातच्या होत्या. एवढे हात वर गेले, पण दुसरं कोपर एकाचंही दिसलं नाही. दिलीप तिच्यासमोर येऊन बसला. "आत्या, रागावू नको. पोरांना शिकायचं हाय. अन् कोन येनार हाय आता? आलेच, तर वळखतील का आपल्याला?"

सुमन उठली आणि जीपकडे चालू लागली. परतताना जीपमध्ये मला म्हणाली, "शमीम, वळखतील का गं?" मी म्हणाले, का नाही ओळखणार, आपली माणसं आपल्याला ओळखतातच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. ती माळवदावर जायची थांबली नाही. फक्त आता दार लावून जायची.

आता सुमन जायच्या जेमतेम तीन आठवडे आधीच्या त्या दिवसाबद्दल. किनवटमध्ये त्या दिवशी बाजारात असलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की उन्हाचा तडाखा होता, चक्कर आल्यासारखं झालं. मी जे पाहिलं ते लिहिते. आठवडी बाजार होता, दुपारचे तीन वाजले असतील. गिऱ्हाईक असल्यामुळे सुमन वर गेली नव्हती, शेजारी ब्लाउजला काज करत होती. आधी मला वाटलं मशीनचा पट्टा सुटला, कारण पाय चालू होता, चाक फिरत होतं आणि आवाज नव्हता. मग लक्षात आलं, की समोरच्या हॉटेलातल्या स्टोव्हचाही आवाज नाही. जीपचं इंजिन थरथरत होतं, भाजीवाली तोंड उघडून भाव सांगत होती, आणि काही नाही. कानात माझंच रक्त तेवढं वाजत होतं. मग लोक चालायला लागले. घाई नाही, ढकलाढकली नाही. सगळे एकाच दिशेला, रेल्वे फाटकाकडे, तोंड किंचित वर केलेलं. भाजीवाली स्वतःच्या टोमॅटोंवरून चालत गेली. बैलबाजारातले बैल दोर तोडून माणसांमधून चालले होते आणि कुणी बाजूला होत नव्हतं. मला भीती वाटली का? नाही. हेच सांगायची मला लाज वाटते. फार बरं वाटत होतं. आईने हाक मारल्यावर जावं तशी मी उठले, पायरी उतरले आणि चालू लागले.

माझा दंड कुणीतरी धरला. सुमन होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीही चालत होती. एका हाताने दुकानाचा खांब धरला होता, दुसऱ्या हाताने मला, आणि पाय मात्र पुढे पुढे जात होते. तिने छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं आता ती त्यांच्या भाषेत बोलणार, आत ओढून, आणि आपण सगळे संपलो. पण तिने तो श्वास बाहेर सोडला. "शमीऽऽम!" एवढ्या जोरात ओरडली, की तिच्या ओठांतून रक्त आलं. वारा माझ्या गालावर फटकन लागला. आणि सगळा बाजार एकदम परत वाजायला लागला… हॉर्न, बैल, रडणारी पोरं, फाटकावरची घंटा. लोक जागच्या जागी थांबले, एकमेकांकडे बघून हसले, लाईट गेली होती का म्हणाले. कुणीतरी त्या वेळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी नंतर पाहिला. त्यात आवाज नाही. मोबाइल खराब आहे म्हणतात.

मी तिला आत नेऊन पाणी दिलं. तिचा आवाज गेला होता, ओठांवरूनच कळत होतं.

"तेच आले होते का? तुम्हाला न्यायला?"

"हाव."

"मग?"

"न्यायला न्हाई आले. शिकारीला आल्ते. तुमाला जनावर समजले."

"आणि तुला?"

तिने भांडं खाली ठेवलं. "मला बी."

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. आवाज परत आला नाही. मी तिला नांदेडला नेलं. तिथे छातीचा फोटो काढताना तिचा हात चौकटीत आला, फोटो काढणाऱ्याने तीनदा काच बदलून पाहिली. डॉक्टरांनी जुनं मोडलेलं हाड असेल म्हणून सोडून दिलं. घशात काही दोष नाही, विश्रांती घ्या, म्हणाले. येताना रेल्वेत ती सबंध वेळ खिडकीतून वर बघत होती. माळवदावर ती पुन्हा एकदाही गेली नाही. दुपारची माझ्याशेजारी पडून राहायची. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? उत्तर दिलं असतंस, तर गेली असतीस त्यांच्याबरोबर. तिने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, गुरुजींनी शिकवलेल्या त्या गोल अक्षरात : इथं मान्सं होती.

शनिवारी तिने वस्तीवर जायचं म्हणून खूण केली. मी जीपमध्ये बसवून दिलं. सोबत गेले नाही, शाळेचे कपडे द्यायचे होते. रविवारी ती गेली.

मातीच्या वेळी दिलीप माझ्याजवळ आला. आत्या शेवटी काही म्हणाली का, हे त्यालाही विचारायचं होतं. तेव्हा मला सांगता आलं नाही. पण परवा फोन करून मी त्याला सगळं सांगितलं, आणि लिहू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "लिवा मावशी. पोरांना कळू द्या. आता वर बघत बसायचं काम न्हाई."

माझ्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही. गेली पाच-सहा वर्षं सुमन रोज दुकान बंद करताना माझ्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या सुया ओवून ठेवायची. त्या शनिवारी जीपमध्ये बसायच्या आधी तिने नेहमीपेक्षा जास्त ओवल्या. पांढऱ्या, लाल, निळ्या दोऱ्याच्या, सुयांच्या छोट्या गादीवर ओळीने टोचलेल्या. मी त्या जपून वापरल्या, तरी संपत आल्या. शेजारची मुलगी म्हणते, मावशी, मी देते ना ओवून. देईल ती. आता एकच उरली आहे, काळ्या दोऱ्याची. काळं कापड घेऊन कुणी आलं तर सध्या मी त्याला दुसऱ्या दुकानात पाठवते.