पट्टीखालची नावं

लेन ड्रोझ्दाला तीन बोटं पाण्याची भीती वाटायची. आमच्या खोऱ्यात नदी दहा-पंधरा वर्षांनी एकदा रस्त्यावर येते, आणि अशा पुरात लेननं कंबरभर पाण्यातून शेजाऱ्यांची कुत्री बाहेर काढली होती. पण तळघरात, लाकडी चौकटीवर प्लास्टिक ताणून केलेल्या उथळ हौदात पाणी ओतायची वेळ आली की तो बादली दोनदा खाली ठेवायचा. त्या हौदात तो सिनेमाची जुनी पोस्टरं धुवायचा. धुतलेलं पोस्टर ताणलेल्या मांजरपाटावर गव्हाच्या खळीनं बसवलं, की ते आणखी पन्नास वर्षं जगतं. मात्र दगडावरून छापलेला जुना लाल रंग पाण्यात कधी टिकतो, कधी पाच मिनिटांत गुलाबी होऊन वाहून जातो. आधी काहीच कळत नाही.

यातलं बरंचसं लेननंच मला सांगितलं, पॉलीन गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून. समोर अक्रोड भरून गुंडाळलेली गोड पोळी होती आणि ती त्यानं शेवटपर्यंत कापली नाही.

सोळाव्या वर्षी तो 'ल्युमिना' थिएटरात लागला. शिडी, बादली, ब्रश. थिएटरचे मालक गर्बरसाहेब एवढे काटकसरी, की बाहेरच्या फळीवरचं जुनं पोस्टर खरवडायला माणूस लावायचे नाहीत. त्यावरच नवं चिकटवायचं. थर वाढत जायचे. पोस्टरवर आणखी एक पट्टी लागायची, गावातल्या छापखान्यात छापलेली: तारीख, वेळ, आणि गर्बरसाहेबांच्या डोक्यातून निघालेलं काहीतरी. 'बायकांनी एकट्यानं पाहू नये.' 'नायकाचे आजोबा याच खोऱ्यातले.' कुणाचेही आजोबा याच खोऱ्यातले नसायचे. लेननं अशा शेकडो पट्ट्या स्वतःच्या हातानं लावल्या होत्या.

१९६८ मध्ये ल्युमिना बंद पडलं. लेन सुताची रिळं भरण्याच्या कारखान्यात गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. पण थिएटरच्या गालिच्याखाली, भिंतीच्या पोकळीत, प्रोजेक्टरच्या खोलीच्या फटींत थंडी अडवायला कोंबलेले कागद त्यानं पाडकामाच्या आधी घरी आणले. तिथून हे वेड सुरू झालं. बंद पडलेल्या खाणीच्या कचेरीतून त्यानं नकाशांचं सपाट खणांचं कपाट मिळवलं आणि त्यात साडेतीनशे पोस्टरं निजवली. आजूबाजूच्या तीन-चार गावांतले लोक त्याला कागद दाखवायला यायचे. तो कोपरा उलटून बघायचा, घडीवर बोट फिरवायचा आणि सांगायचा, "खरं आहे," किंवा "नंतर छापलंय, चित्र तेच, शाई नवी." खोट्याला खरं त्यानं कधीच म्हटलं नाही. स्वतःच्या मेव्हण्यालाही नाही, आणि त्यावरून मेव्हण्यानं दोन ईस्टर जेवायला बोलावलं नव्हतं.

आल्डो फॅब्री हा त्याचा या वेडातला जोडीदार. निवृत्त न्हावी. तो फक्त कोरिन ॲशबी या जुन्या नटीची पोस्टरं जमवायचा. दर गुरुवारी दोघं तळघरात बसायचे, आणि मेलेले नट-नट्या खाली उतरून यायचे.

"कोरिन रडायची तेव्हा तिचं नाक लाल व्हायचं नाही," आल्डो म्हणायचा. "बाकीच्या सगळ्यांचं व्हायचं."

"काळ्यापांढऱ्या सिनेमात तुला नाक लाल दिसलं होय रे, न्हाव्या?"

"दिसतं. प्रेम असलं की दिसतं. तुझ्या त्या रॉइस टॅलंटसारखं नाही, घोड्यावर बसला की घोड्याचाच अभिनय बरा वाटायचा."

वरून पॉलीनचा आवाज यायचा, "अरे, त्या मेलेल्यांचं कौतुक झालं असेल तर जिवंत बाईनं कोबीचे रोल केलेत. थंड होतायत."

पॉलीन ही लेनची बायको. तिच्या दोन्ही खुब्यांनी दगा दिला होता, ती जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरायची. म्हणून तळघरात फारशी यायची नाही. पण तळघराशी तिचं एक जुनं नातं होतं. तिची आई, टेक्ला हराबिक, एकोणीस वर्षांची असताना रेशमाच्या गिरणीतून पळून न्यूयॉर्कला गेली होती. तिथे तेव्हा बोलपट निघायचे. सात महिन्यांनी ती परत आली, खाणकामगाराशी लग्न केलं, आणि मरेपर्यंत सांगत राहिली की आपण 'बंदरावरचा पाहुणा' या चित्रपटात काम केलंय. दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून नायिकेच्या हातात टोपी द्यायची. पोस्टरवर पाच नावं होती, पाचवं आपलं. गर्बरसाहेबांनी म्हणे त्या नावांवर पट्टी चिकटवली, तिचं नाव मोठं दिसावं म्हणून.

चित्रपट ल्युमिनात दोन दिवस चालला. कुणी म्हणालं, ती दिसली. कुणी म्हणालं, टोपी देणारी बाई पाठमोरी होती, ती कुणीही असेल. मग चित्रपटाची सगळी रिळं कुठल्याशा गोदामाच्या आगीत जळाली आणि प्रश्न तसाच राहिला. शाळेत पॉलीनला पोरी 'हिरॉइन' म्हणायच्या. कोळशाची टोपली घेऊन जाताना मागून कुणीतरी ओरडायचं, "हिरॉइनबाई, टोपी द्या की!" ती वळायची नाही. आईवर तिचा विश्वास होता, आणि गावाला हे माहीत होतं.

२००८ च्या वसंतात ल्युमिनाच्या मागची भिंत पाडली. विटांच्या आड तीसच्या दशकातली मूळ फळी निघाली, वर पोस्टरांचा इंचभर जाड थर. आल्डोनं पाडकामवाल्याला बीअरची पेटी दिली आणि फळी लेनच्या तळघरात आली.

पहिला थर वाफेनं सुटायला दोन दिवस लागले. एकेका थराखालून एकेक चेहरा वर यायचा, आधी कपाळ, मग डोळे. लेन मोजत होता. दहावा निघाला आणि खाली समुद्र दिसला, कंदील दिसला, आणि कोरिन ॲशबी. आल्डोनं टोपी काढली.

पोस्टरच्या तळाशी, जिथे नावं असतात तिथे, पिवळी पडलेली पट्टी होती: 'आपल्या गावची टेक्ला हराबिक हिला पडद्यावर पाहा!'

लेननं ते पोस्टर फळीपासून सोडवून वर नेलं तेव्हा पॉलीन मटार सोलत होती. तिनं हात पुसले आणि पट्टीवरून बोट फिरवलं, एका अक्षरावरून दुसऱ्यावर.

"बघ," ती म्हणाली. एवढंच.

पुढचे तीन आठवडे ते पोस्टर स्वयंपाकघराच्या टेबलावर होतं आणि दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती. लेन खूश असायला हवा होता. पण त्याला झोप लागेना. पट्टी लावणाऱ्याचा हात त्याला माहीत होता. ज्यांचे आजोबा या खोऱ्यातले नव्हते त्यांना याच माणसानं खोऱ्यातलं केलं होतं. पट्टीखाली पाच नावं असतील, किंवा चार. पट्टी जागेवर आहे तोवर दोन्ही खरं.

मग एका सकाळी त्याला कोरिनच्या गळ्यावर काळे ठिपके दिसले. मिरपुडीएवढे. सात. दुसऱ्या दिवशी तेरा.

आल्डोनं चष्मा लावून पाहिलं. "बुरशी," तो म्हणाला. "फळीतूनच आलीय. धुवायला पाहिजे, लेन्या. या आठवड्यात."

"कोरडं साफ करतो. ब्रशनं."

"वेडा झालास? ब्रशनं पसरेल. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं."

"लाल वाहून जाईल."

"लाल जाईल की नाही ते कोपऱ्यावर थेंब टाकून बघ. तू तसंच करतोस नेहमी." आल्डो त्याच्याकडे बघत राहिला. "भीती लालची नाहीच ना? पट्टीची आहे."

गव्हाच्या खळीनं चिकटवलेली पट्टी पाण्यात पाच मिनिटंही टिकत नाही. ती आपोआप सुटून वर तरंगते, कुणाला ओढावीही लागत नाही. पोस्टर वाचवायचं तर पट्टी सुटणार. पट्टी सुटली की लेन खालची नावं वाचणार. आणि तो वाचणार म्हणजे पॉलीन विचारणार, आणि त्यानं आयुष्यात खोट्याला खरं म्हटलेलं नव्हतं.

ठिपके एकतीस झाले त्या दिवशी त्यानं हौद भरला.

पॉलीन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. "मी खाली येऊ?"

"नको. ओलं आहे. घसरशील."

"बरं. इथेच आहे मी."

त्यानं पोस्टर प्लास्टिकच्या शीटवर घेतलं, आधी वरून पाण्याचा फवारा मारला, कागद मऊ पडू दिला, मग हळूहळू हौदात सोडला. लाल रंग टिकला. पाणी चहासारखं पिवळं होऊ लागलं. ऐंशी वर्षांचा धूर आणि कोळसा बाहेर येत होता. ठिपके ब्रशखाली सुटत होते. लेन त्यांच्याकडेच बघत होता, मुद्दाम. खाली, कडेला, पट्टीचं एक टोक उचललं गेलं. मग दुसरं. पट्टी अलगद सरकली आणि त्याच्या मनगटाला येऊन लागली, गार, एखाद्या माशासारखी. तो दचकला. पाणी हललं.

"काय झालं?" वरून आवाज आला.

"काही नाही. ब्रश पडला."

त्यानं डोळे मिटले. त्याला वाटलं, असंच पाणी काढून टाकावं, आंधळ्यासारखं पट्टी परत लावावी. पण आंधळेपणानं लावता येत नाही. त्यानं डोळे उघडले.

पट्टीच्या आडचा कागद अजून दुधासारखा पांढरा होता. कोरिन ॲशबी. रॉइस टॅलंट. आणखी दोन नावं, बारीक अक्षरात. त्यांच्या खाली छापखान्याचं नाव आणि मोकळी जागा.

त्यानं दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा बोट लावून मोजलं. पाण्याखाली त्याचं बोट मोठं आणि परक्याचं दिसत होतं.

"लेन? पट्टी सुटली का रे?"

"नाही," लेन म्हणाला. "जागची हलली नाही. गर्बरसाहेबाची खळ पक्की निघाली."

फ्रीजची घरघर ऐकू येत होती. इतक्या वर्षांत बायकोशी खोटं बोललो ते पहिल्यांदाच, त्यानं मला सांगितलं, आणि तेही कागदाबद्दल. त्यानं पाणी काढलं, पोस्टर मांजरपाटावर बसवलं, ब्रशनं हवा बाहेर काढली. मग पट्टीच्या पाठीला खळ लावली आणि ती चार नावांवर ठेवली. कडा कडेशी जुळवली, बोटानं दाबली, आणि तो बाजूच्या बादलीवर बसला.

तेव्हाच त्याला घसरण्याचा आवाज आला. पॉलीन उतरत होती. एक पायरी, थांबायची, पुढची. शेवटच्या पायरीवरून ती काठी टेकत उठली आणि मांजरपाटापाशी आली. दिवा ओढून जवळ घेतला. लेनला वाटलं, ती ठिपके गेले का ते बघतेय.

"छान निघाली कोरिन," ती म्हणाली.

"निघाली."

ती बराच वेळ तळाशी बघत होती. मग म्हणाली, "सरळ आहे."

"काय?"

"पट्टी. गर्बरनं जन्मात सरळ पट्टी लावली नाही, लावू दिली नाही. त्याच्या सगळ्या पट्ट्या उजवीकडे चढलेल्या असायच्या, जाणाऱ्याचा डोळा अडखळावा म्हणून. तूच मला सांगितलंस. लग्नाच्या आधी." तिनं काठीच्या टोकानं दाखवलं. पट्टीच्या उजव्या अंगाला वरच्या बाजूनं पांढऱ्याशुभ्र कागदाची एक पाचर बाहेर आली होती, जिथे ऐंशी वर्षं धूर पोचला नव्हता. लहान पोरालाही दिसली असती. पोस्टरं जोडणाऱ्या माणसाचा हात घाबरला की सरळ रेषेकडे जातो, लेन मला म्हणाला. मी माझ्याच सवयीनं सापडलो.

"चार ना?" पॉलीननं विचारलं.

लेन बोटाला लागलेली खळ पुसत राहिला.

"लेन, मी विचारतेय."

"चार."

तिनं मान हलवली. हळू, दोनदा. "आईनं शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं मला. गर्बरकडे ती स्वतः गेली होती, पट्टी लाव म्हणून. त्यानं हसत लावली."

"चौतीस वर्षं झाली त्याला. मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू सगळ्या खोऱ्याला खरं-खोटं सांगत फिरतोस. मेव्हण्यालाही सोडलं नाहीस." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "हा थर निघाला तेव्हापासून मला झोप नाही. तू कधी धुतोस, याचीच वाट बघत होते. तू खालून वर येशील आणि माझ्याकडे त्या कागदांकडे बघतोस तसा बघशील, कोपरा उलटून."

बादलीवर बसूनच लेननं तिच्या काठीचं टोक धरलं.

"टोपी तिनं दिली होती," पॉलीन म्हणाली. "एवढं तरी खरं होतं. असं ती म्हणाली."

"दिली असेल."

"असेल." ती पोस्टरकडे वळली. "गुरुवारी न्हावी येईल. त्याला काय सांगणार आहेस?"

"जागची हलली नाही म्हणून."

"तो विश्वास ठेवील. मीही ठेवला असता, तू ती तिरकी लावली असतीस तर." तिनं दिवा आणखी खाली ओढला. "ऊठ. सुकायच्या आत उचल तिला, उजवीकडे चढव. मी उजेड धरते."

लेननं ब्रश पाण्यात बुडवला. पट्टीचं टोक पुन्हा भिजवताना त्याचा हात इतका थरथरत होता की तिला दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरावं लागलं.