लिटरच्या मापातला चक्का

आमच्या आष्टीकडच्या गावात माझे वडील, अण्णा, दूध संस्थेचे चेअरमन होते, आणि घरात त्यांचं एकच शास्त्र चालायचं: लिटर म्हणजे किलो. पाणी असो, दूध असो, गोडेतेल असो. आई म्हणायची, "ह्यांच्यापुढं कापूस ठिवला तर त्योबी लिटरनं मोजतील."

त्या वर्षी दुष्काळ होता. गुरं चारा छावणीत होती आणि घरातला तराजूही वैरण मोजायला त्यांच्यामागोमाग गेला होता. नेमके तेव्हाच अंबाजोगाईचे पाहुणे माझ्याबद्दलची पसंती सांगायला जेवायला येणार होते. मला हे स्थळ हवंच होतं. मुलगा बरा होता, पण खरं सांगायचं तर त्या लोकांनी लग्नानंतर मला तिथल्या कॉलेजात शिकवायचं कबूल केलं होतं. नाहीतर माझी गाडी बारावीवरच थांबणार होती.

आईनं श्रीखंडाचा बेत केला. दूध जमवून दही लावलं, धुवट फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. प्रमाण साधं होतं: जेवढ्या वजनाचा चक्का, तेवढ्याच वजनाची साखर. साखर दुकानातून किलोनं आली. चक्का मोजायला अण्णांनी संस्थेतलं दुधाचं लिटरचं माप आणलं आणि हलक्या हातानं भरलं. आत उंदीर फिरतील एवढ्या पोकळ्या!

"अवो, दाबून भरा की," आई म्हणाली.

"दूध काय दाबून मोजत्यात का?"

तीन मापं चक्का, तीन किलो साखर. हा चक्का तीन किलो नाही हे मला दिसत होतं, पण अण्णांशी वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

साखर विरघळली आणि श्रीखंडाला पाय फुटले. पंगतीत वाढायला मीच होते. ताटात पडल्याबरोबर ते निघालं आणि बटाट्याच्या भाजीला जाऊन भेटलं. पाहुणे माना खाली घालून जेवत होते.

"दुष्काळाचं दूध हाय," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "पातळच असतंय."

छावणीत अर्धपोटी उभ्या असलेल्या म्हशींवर आळ! मला संतापच आला.

मुलाच्या आईनं बोट चाटून पाहिलं. "दुधाचं न्हाई हे. साखर लई झाली. चक्का कशात मोजला वो?"

आई वाटीतलं मीठ पुन्हा वाढू लागली. नवऱ्याला चारचौघांत उघडं कसं पाडायचं? आणि मुलीनं तर अशा वेळी जमिनीकडंच बघायचं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "लिटरच्या मापात. दाबलाबी न्हाई. किलोच्या जागी पाऊण किलोच भरला आसंल."

अण्णांचा घास हातातच राहिला. झालं, गेलं कॉलेज, मी मनात म्हटलं.

त्या बाई शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं वळल्या. तेही दूध संस्थेतलेच. "आयकलं का? लिटर म्हंजी किलो न्हवं, इतकी वर्सं घसा फोडून मी आनिक काय सांगतीय? तुमाला कावून कळंना?" मग अण्णांना म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय आमाला. घरात माज्या बाजूनं बोलनारं कुनीतरी पायजेच हुतं."

माझं कॉलेज पूर्ण झालं. मी माहेरी गेले की श्रीखंड ठरलेलं असे. छावणीवरून तराजू कधीच परत आला होता, तरी अण्णा चक्का लिटरच्या मापातच मोजत. फक्त मी स्वयंपाकघरात शिरले की माझ्याकडं न बघता अंगठ्यानं तो दाबत आणि वर आणखी भरत. आई तोंडाला पदर लावून हसायची. मला मात्र त्या अंगठ्याकडं बघून भरून यायचं.